वरचे कोण, खालचे कोण?

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विम्यावर झाले, वीजबिलावर झाले. मला पाण्यावर बोलायला सांगितले आहे. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत पाण्यावर बोलायचे म्हणजे उपाशी माणसांच्या पंगतीत पक्वान्नांची यादी वाचण्यासारखे आहे. आपला आणि पाण्याचा संबंध वर्षातून दोनदा येतो. मृग कोरडा गेला की आभाळाकडे बघायचे आणि एप्रिल लागला की टँकरच्या मागे पळायचे. तरीसुद्धा बोलले पाहिजे. कारण पाण्यावरून मोर्चा निघतो तेव्हा ट्रॉलीत बसून जाणारा माणूस बहुतेक वेळा कोरडवाहू असतो. ज्याच्या शेतात पाणी येते तो मोर्चाच्या दिवशी घरी दारे धरत असतो.

आधी माझ्या घरातली गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांनी खांदलेली एक विहीर होती. वडील आणि चुलते वेगळे निघाले तेव्हा जमीन वाटली, बैल वाटले, भांडी वाटली. विहीर काही वाटता येईना. ती सातबाऱ्यावर निम्मी-निम्मी लागली. मोट होती तोवर एक दिवस आमची पाळी, एक दिवस त्यांची. मोटेचे एक बरे होते, बैल थकले की मोट थांबायची आणि रात्रीत विहीर पुन्हा भरायची. पुढे वीज आली. दोघांनी दोन मोटारी बसवल्या आणि कुणाचा फुटव्हॉल्व्ह किती खोल यावरून भांडण सुरू झाले. चुलत्यांनी दोन हात खाली सोडला की वडील तीन हात सोडायचे. एका वर्षी रब्बीची ज्वारी पोटरीत असताना पाणी तुटले आणि कुऱ्हाडी निघाल्या. मेले कुणी नाही, चुलत्यांच्या हाताला लागले. केस अकरा वर्षे चालली. दोन्ही घरच्या बैलजोड्या वकिलाच्या फीत गेल्या. निकाल आमच्या बाजूने लागला. तोवर विहीर कोरडी पडली होती, कारण वरच्या अंगाला तिसऱ्याच माणसाने बोअर घेतला होता.

इंग्रजीत प्रतिस्पर्ध्याला 'रायव्हल' म्हणतात. तो शब्द मूळ लॅटिनमधला आणि त्याचा मूळ अर्थ आहे एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा शेजारी. आपल्याकडे त्याला भाऊबंद म्हणतात. आज मी जे सांगणार आहे ते या विहिरीचेच आहे, फक्त विहिरीच्या जागी गोदावरी आहे आणि चुलत्यांच्या जागी जिल्हे आणि राज्ये आहेत.

नाथसागर कुणाचा?

गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगवते. पाऊस पडतो तो तिथे, घाटमाथ्यावर. पैठणला येईपर्यंत नदी पर्जन्यछायेत आलेली असते. म्हणजे पाणी वर पडते आणि तहान खाली लागते. इंग्रजांनी हे ओळखून वर कालवे काढले. नांदूर-मधमेश्वरचा बंधारा आणि दारणा धरण ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कामे. प्रवरेवरचे भंडारदरा १९२६ साली पुरे झाले. निफाड, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर इथल्या शेतकऱ्यांच्या तीन-चार पिढ्या त्या पाण्यावर जगल्या. तिथे ऊस उभा राहिला, सहकारी कारखाने उभे राहिले, मागून द्राक्षे आली.

त्या काळी आपण निजामाच्या राज्यात होतो. जायकवाडीची कल्पना जुनी, हैदराबाद राज्यातली. नाव पडले बीड जिल्ह्यातल्या एका गावावरून, धरण शेवटी झाले पैठणला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. एकूण साठा १०२ टीएमसी. त्यातले २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खाली राहणारे. वापरायला मिळायचे ७६ टीएमसी. वर अमुक इतकेच पाणी अडेल असे धरून हा हिशेब बसवला होता. पुढे वर त्या हिशेबापेक्षा जास्त धरणे झाली. पालखेड, मुळा, निळवंडे, आणखी कितीतरी. मग पाऊस बरा झाला तर वरची धरणे भरून पाणी खाली येते, पाऊस ओढला तर वर भरते आणि खाली ठणठणाट. आमच्या विहिरीतल्या वरच्या फुटव्हॉल्व्हची जागा इथे धरणाच्या दारांनी घेतली आहे.

एक गोष्ट आपल्या सभांमधून कधी सांगितली जात नाही, ती मी सांगून टाकतो. नाथसागरात बुडालेली गावे फक्त पैठण-गंगापूरची नव्हती. शेवगाव आणि नेवासा तालुक्यांतली, म्हणजे नगर जिल्ह्यातली गावेही बुडाली. ज्यांना आपण 'वरचे' म्हणून शिव्या देतो त्यांच्यातल्या काहींनी आपल्या धरणासाठी घरे सोडली. दुसरे, नांदूर-मधमेश्वरच्या जलद कालव्याचे पाणी वैजापूर-गंगापूरला येते. हे तालुके मराठवाड्यातच आहेत. वरून जायकवाडीला पाणी सोडा म्हटले की वैजापूरचा शेतकरी बिचकतो, कारण त्याचे आवर्तन जाईल अशी त्याला भीती असते. तेव्हा नाशिक-नगर एका बाजूला आणि मराठवाडा दुसऱ्या बाजूला ही रेघ नकाशावर जितकी सरळ दिसते तितकी जमिनीवर नाही.

२००५ साली विधिमंडळाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात कलम १२(६)(क) आहे. त्याचा साध्या भाषेत अर्थ असा, की टंचाईच्या वर्षी एका खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर वापरायच्या पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहील असे नियंत्रण करायचे. तूट आली तर सगळ्यांनी मिळून सोसायची. कायदा चांगला आहे. मी त्याच्या बाजूचा आहे, आजही. पण कायदा झाला आणि कपाटात गेला. २०१२ साली पाऊस गेला तेव्हा कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. २०१३ साली मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाचा अहवाल आला. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, की १५ ऑक्टोबरला खरिपाचा वापर धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे समन्यायी वाटप उचलून धरले.

त्याप्रमाणे २०१५ साली १२.८४ टीएमसी सोडायचा आदेश झाला, २०१८ साली जवळपास ९ टीएमसीचा, २०२३ साली ८.६ टीएमसीचा. प्रत्येक वेळी तेच नाटक. वर रास्ता रोको, खाली रास्ता रोको. धरणांवर पोलिसांचा बंदोबस्त. नदीकाठच्या मोटारींची वीज तोडायची, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, आणि तापलेल्या वाळूतून पाणी ढकलायचे. निघाले किती आणि पैठणला पोहोचले किती यावर पुन्हा भांडण. २०२३ साली आदेश निघाला ऑक्टोबरच्या शेवटी, पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. ज्वारीची पेरणी होऊन गेली होती. मधली चार वर्षे, २०१९ ते २०२२, नाथसागर भरत होता. त्या चार वर्षांत या विषयावर एक सभा झाल्याचे मला आठवत नाही. भरल्या धरणावर पुढारी नारळ फोडायला जातात, हिशेब करायला कुणी जात नाही. आता नव्या अभ्यासगटाने ६५ चा आकडा ५८ वर आणण्याची शिफारस केली आणि पुन्हा निवेदने, पुन्हा मोर्चे.

या मोर्चांत मीही होतो. २०१२ च्या हिवाळ्यात आमच्या गावातून तीन ट्रॉल्या भरून गेलो होतो. बायकाही होत्या, रिकाम्या घागरी घेऊन. पाणी सुटले तेव्हा आम्ही गुलाल उधळला. ते पाणी पैठणला आले, तिथून शहराला गेले, कारखान्यांच्या वसाहतीला गेले, ते जायलाच हवे होते, माणसे प्यायला हवीत. पण आमच्या गावाला काय आले? गाव डाव्या कालव्याच्या वरच्या अंगाला, उंचावर. कालवा आमच्या शिवारातून दिसतो. चांगल्या वर्षात त्यात पाणी वाहताना दिसते. खाली लाभक्षेत्रात ऊस उभा असतो आणि टेलला असलेला शेतकरी नमुना सातचा अर्ज भरून, पैसे भरून, कोरड्या चारीत बसलेला असतो. आम्ही टेललाही नाही. आम्ही फक्त ट्रॉलीत.

बाभळीला आपण वरचे

पैठणला आपण खालचे. म्हणून आपण म्हणतो, वरच्यांनी अन्याय केला. आता नदीकाठाने खाली चला, नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ बाभळीला. तिथे महाराष्ट्राने गोदावरीवर बंधारा बांधला, साठा २.७४ टीएमसी. पलीकडे तेव्हाचा आंध्र, आजचा तेलंगण. खाली त्यांचे श्रीरामसागर धरण, ज्याला पोचमपाड म्हणतात, आणि त्याचे फुगवट्याचे पाणी बाभळीपर्यंत येते. तिकडचे शेतकरी म्हणाले, तुम्ही वर पाणी अडवले तर आमचे धरण भरायचे कसे? जुलै २०१० मध्ये तिकडचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बंधारा बघायला आले, त्यांना सीमेवर अटक करून धर्माबादला ठेवले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेव्हा काय मथळे होते आठवा. आपले हक्काचे पाणी, एक थेंब देणार नाही. म्हणजे नाशिकचे लोक आपल्याबद्दल जे बोलतात, शब्द न शब्द तेच.

फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवायची, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचे. त्याच वर्षी आपण मुंबई उच्च न्यायालयात वरच्यांनी पाणी सोडावे म्हणून भांडत होतो. एकाच वर्षी, एकाच नदीवर, दोन कोर्टांत, दोन तोंडांनी! धर्माबादच्या शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पावसाळाभर दारे उघडी, पूर वाहून जातो, आणि ऑक्टोबरच्या शेवटी दारे लावली तर नदीत अडवायला काय उरते? पण निजामाबादच्या शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. त्याला आपण विचारायला गेलो का? मी गेलो नाही. तुमच्यापैकी कुणी गेले असेल तर हात वर करा.

नाही ना? बरे.

कावेरीचे काय झाले तेही थोडक्यात सांगतो, कारण हे भांडण न मिटवता ठेवले तर कुठे जाते ते तिथे दिसते. म्हैसूर संस्थान आणि मद्रास इलाखा यांचे १८९२ आणि १९२४ चे करार. १९२४ च्या कराराची मुदत पन्नास वर्षांनी, १९७४ ला संपली आणि भांडण उघडे पडले. १९९० साली लवाद नेमला. जून १९९१ मध्ये लवादाने सांगितले की कर्नाटकाने तमिळनाडूला वर्षाला २०५ टीएमसी सोडावे. डिसेंबरमध्ये बंगळूर आणि म्हैसूरकडे दंगल उसळली. किमान अठरा माणसे मेली. हजारो तमिळ माणसे, त्यांत शेतमजूर किती तरी, रातोरात मुलाबाळांसह पळाली. विचार करा, त्या शेतमजुराच्या नावावर कावेरीचे एक घागरभर तरी पाणी होते का? अंतिम निवाडा २००७ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ ला. मध्ये २०१६ साली बंगळूरमध्ये पुन्हा बसगाड्या जळाल्या. पाऊस चांगला पडतो त्या वर्षी कुणाला निवाडा लागत नाही. तुटीच्या वर्षी काय करायचे, तर निवाडा म्हणतो की सगळ्यांचे वाटे त्याच प्रमाणात कमी करा. कागदावर सोपे आहे. पण तूट किती, ती कुणी मोजायची, कोणत्या महिन्यात, यावरच तर बसगाड्या जळतात.

त्याच कावेरीवर २००३ साली एक वेगळे काम झाले. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या पुढाकाराने दोन्ही राज्यांतले शेतकरी एकत्र आले, 'कावेरी कुटुंब' नावाने. तंजावरकडचे मंड्याला गेले, मंड्याकडचे तंजावरला. एकमेकांच्या बांधावर बसले, पीक पाहिले. त्यांनी तोडगा काढला असे मी म्हणणार नाही, सरकारांनी तो काढू दिला नसता. पण मंत्री बोलत नव्हते, वकील बोलत होते, तेव्हा शेतकरी शेतकऱ्याशी बोलला, आणि समोरचाही कर्जातच आहे हे त्याला दिसले. हे मला मोठे वाटते.

लातूरची गाडी

आता आपल्या घराजवळचे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला काय झाले हे तुम्ही पाहिले आहे. मांजरा धरण कोरडे. मार्चमध्ये कलेक्टरनी पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावले. पाच माणसांनी पाणी भरायला एकत्र जमायचे नाही! बाया घागरी घेऊन उभ्या आणि शेजारी पोलीस. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणले, पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. त्याच सुमारास क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला उच्च न्यायालयाला सांगावे लागले आणि औरंगाबादच्या बिअरच्या कारखान्यांचे पाणी कापायलाही न्यायालयालाच सांगावे लागले. सरकारची २००३ ची जलनीती पाहा. त्यात पिण्यानंतर दुसरा क्रमांक उद्योगाचा होता, शेती तिसरी. ओरड झाल्यावर २०११ ला शेती दुसरी केली. तोवर आठ वर्षे गेली होती.

आमच्या गावच्या म्हाताऱ्या सांगतात, बहात्तरला आडात पाणी होते, पोटाला भाकर नव्हती. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोची लाल ज्वारी खाल्ली. आता रेशनवर धान्य आहे, आडात पाणी नाही. बहात्तर आणि सोळाच्या मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. या काळात धरणे बांधली गेली, पाझर तलाव झाले, बोअर झाले. मग पाणी गेले कुठे?

ते उसात गेले, हे उत्तर तुम्ही ऐकले असेल. शहरातले लोक ते फार आवडीने सांगतात. आकडा खोटा नाही. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच म्हटले आहे की महाराष्ट्रात पिकाखालच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या जवळपास पाणी पितो. आपण साधा हिशेब करू. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २८०० कोटी लिटर. निम्मे पाणी कालव्यात, चारीत, वाटेत मुरले असे धरा. ज्वारीला किंवा कापसाला तीन इंचाचे एक पाणी द्यायचे म्हटले तर एका टीएमसीत सुमारे ४६ हजार एकरांना एक पाणी होते. ऊस वर्षभरात दोन मीटरच्या आसपास पाणी पितो. तेवढ्याच एका टीएमसीत ऊस निघतो साडेसतराशे एकर. २०२३ ला ज्या ८.६ टीएमसीवरून दोन महिने भांडण झाले, त्यात जवळपास चार लाख एकरांना एक संरक्षित पाणी झाले असते. पोटरीतल्या ज्वारीला किंवा बोंडे धरत असलेल्या कापसाला ते एक पाणी काय करते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हिशेब ऐकून लगेच ऊसवाल्याला शिव्या घालू नका. तो ऊस का लावतो? त्याला काय ज्वारीशी वैर आहे? उसाला दर ठरलेला आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. ते किती पाळले जाते हे ऊसवाल्यालाच विचारा, पण निदान कागदावर तरी आहे. गारपिटीने ऊस झोपला तरी पूर्ण जात नाही. ज्वारीला काय आहे? हमीभाव वर्तमानपत्रात छापून येतो आणि बाजारात त्याच्या खाली सौदा होतो. खरेदी केंद्र कधी उघडते, कधी नाही. रेशनच्या दुकानात वर्षानुवर्षे गहू-तांदूळ आले, ज्वारी क्वचित. सरकारने ज्वारीचे पोते मातीमोल केले आणि मग म्हणाले, शेतकरी पाण्याचा नाश करतो. ज्वारीला उसासारखा पैसा आणि उसासारखी खात्री मिळाली असती तर कालव्याखालच्या माणसाने दीड वर्ष शेतात ऊस उभा ठेवून टोळीच्या मुकादमाच्या पाया पडणे पसंत केले नसते. म्हणून माझे म्हणणे आहे की पाण्याचे भांडण अर्धे धरणावर मिटेल आणि अर्धे बाजारात. पोलिसांच्या जोरावर उसाला बंदी घालून ते मिटणार नाही. आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांना बंदी हवी आहे, त्यांचे-माझे यावर भांडण आहे आणि राहील.

माणशी वाटा

धरणावरचे अर्धे कसे मिटेल? त्याचा एक नमुना आपल्याच राज्यात होऊन गेला. बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. माणूस इंजिनिअर, पुण्यात कारखाना चालवणारा. मंदिराच्या ट्रस्टची चाळीस एकर पडीक जमीन खंडाने घेऊन आधी स्वतः करून पाहिले, मग गावोगाव लोकांना सांगितले. नियम असे होते. पाणी जमिनीला मिळणार नाही, माणसाला मिळेल. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, घरात कितीही माणसे असली तरी अडीच एकरांपुढे नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जाणार नाही, ते गटाकडे राहील. पाणी सोडायला गटाचाच माणूस. धुळ्याकडे पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत होती, तीत पाटकरी आणि जागल्या असत, त्याच जातीची ही गोष्ट, पण एक पाऊल पुढची. फडात जमीनवालाच भागीदार होता, इथे भूमिहीनही आहे.

साळुंखे २००२ साली गेले. त्यांची पाणी पंचायत राज्यभर का पसरली नाही? कारण ज्यांच्या हातात धरणाच्या चाव्या आहेत त्यांना माणशी वाटा परवडत नाही. आज पाणी एकराने मिळते आणि एकर कालव्याखाली असावा लागतो. मग उंचावरच्या, कोरडवाहू माणसाचा नदीवर हक्क कोणता? नदी सगळ्यांची असेल तर त्याचाही आहे. त्याच्या शेतात पाट जाऊ शकत नाही हे खरे. पण पुराच्या वेळी उपसून त्याचा पाझर तलाव भरता येतो, त्याच्या गावाची पिण्याची योजना आधी धरता येते, आणि हे काही न करता त्याचा वाटा कुणी वापरला तर त्याचा मोबदला तरी मागता येतो. समन्यायी वाटपाचे भांडण धरणाधरणांत थांबते. नाशिकच्या धरणात इतके टक्के, पैठणच्या धरणात इतके टक्के. पैठणच्या धरणाखाली कुणाला किती, हे प्रत्यक्षात कुणी विचारत नाही. आपण विचारायला हवे. वरच्यांकडे जो न्याय मागतो तो आपल्या कालव्यावर आधी लावून दाखवू, मग वरच्यांशी बोलायला तोंड राहील.

आता कामाचे दोन-तीन शब्द आणि मी बसतो.

प्रत्येक तालुक्याने एक कागद करून आणायचा आहे. तुमच्या तालुक्यात कालव्याखालची गावे कोणती, गेल्या पाच वर्षांत चारीला आवर्तने किती आली, टेलपर्यंत किती पोहोचली, त्यावर कोणती पिके उभी होती. वरच्या अंगाची गावे कोणती, तिथे टँकर कोणत्या महिन्यात सुरू झाला. हे सरकारी आकडे नकोत, गावात बसून विचारलेले हवेत. बाया पाणी आणतात, तेव्हा टँकरचा महिना त्यांना विचारा, पुरुषांना तो आठवत नाही.

दुसरे. १५ ऑक्टोबरची तारीख वहीत लिहून ठेवा. यंदा नाथसागर भरला असला तरी. भरलेल्या वर्षी जो नियम दोन्हीकडून ठरेल तोच तुटीच्या वर्षी टिकेल. कोरड्या वर्षी बसलो तर पुन्हा कुऱ्हाडीच निघतील.

तिसरे. मला वाटते आपल्यातल्या दहा जणांनी कोपरगाव आणि निफाडला जावे, आणि तिकडचे दहा जण इकडे बोलवावेत. त्यांना आपल्या कालव्याच्या टेलला न्यावे आणि तिथून वर आमच्या गावाला. तसेच धर्माबादच्या मंडळींनी गोदावरी ओलांडून निजामाबादकडे जावे. तिथे आपण वरचे आहोत, तेव्हा थोडे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. तिकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखी काहींच्या आहेत, ऊसतोडीला जाणारे आपले लोकही त्या गावांत राहिलेले आहेत, त्यांना विचारून नावे काढा. पत्रे मी लिहितो. गाडीचा खर्च जिल्ह्याकडून होईल. आलेल्या पाहुण्यांची रात्रीची सोय कोणत्या गावात करायची तेवढे आज जेवणापूर्वी ठरवा, आणि शक्यतो असे गाव निवडा जिथे एप्रिलमध्ये टँकर येतो.